देवळीतली जहाजं

मॅट्रिकच्या इंग्रजीत मी दोनदा आपटले होते. लग्न होऊन देवळीला आल्यावर पुन्हा फॉर्म भरला, तेव्हा मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जेवता जेवता फर्मान काढलं, "यंदा नापास झाली तं पुस्तकं बंबात. मंग नोकरीचं नाव काढाचं नाई." मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, बघतेच! मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि मी होणारच होते.

भाकरी थापताना मी शब्द घोकायची. "फ्लीट म्हणजे जहाजांचा ताफा, फ्लीट म्हणजे जहाजांचा ताफा." शाळेचं तोंड न पाहिलेल्या सासूबाई एक दिवस वैतागल्या. "काऊन वं, जहाजं कायले पायजेत तुले? आपल्या नदीत एक डोंगा धड चालत नाई." खरंच होतं ते. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच माझी परीक्षा घ्यायला लागल्या. अंगणातून ओरडायच्या, "जहाजायले काय म्हन्तेत वं?" मी चुलीपासून ओरडायची, "फ्लीट!" शेजारीण म्हणाली, या दोघींचंही डोकं फिरलं.

तिचा नवरा शाळेत मास्तर. त्यानं बजावलं, नुसता अर्थ पाठ करून भागत नाही, शब्द वाक्यात वापरता आला पाहिजे. आणि फ्लीट काही जहाजांचीच मिरास नाही, एकाच मालकीच्या पुष्कळ गाड्या असल्या तरी चालतं.

पेपरात नेमका तोच शब्द आला, वाक्यात उपयोग करा म्हणून. गाइडातून पाठ केलेलं बंदरातल्या जहाजांचं वाक्य डोक्यातून साफ उडालं. बंबात जळणारी पुस्तकंच दिसायला लागली. मग म्हटलं, खड्ड्यात गेलं ते बंदर! आणि वर्ध्याच्या डेपोत सकाळी उभ्या राहणाऱ्या एसटीच्या फ्लीटवर वाक्य ठोकून दिलं.

घरी सांगितलं, तर मामाजी खो खो हसले. "बस काय पान्यात चालते? गेली तू!" निकाल लागेपर्यंत ते रोज हेच ऐकवायचे. मीही रोज एकच उत्तर द्यायची, "बरोबर हाये माह्यं."

निकाल लागला. पास! मी रडलेच. मामाजी अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून पाणी तापायची वाट बघत बसले होते. सासूबाई थंड बंबापाशी उभ्या राहून त्यांना म्हणाल्या,

"अवो, लाकडं फोडून आना. जाळाले पुस्तकं नाई भेटत आता."