आत्याबाईंची कोरी वही

मिस्त्रीची आणि आत्याबाईंची पहिली भेट झाली तेव्हा आत्याबाईंनी त्याच्या अंगावर बादलीभर काळं तेल ओकलं. बादलीभर हा मिस्त्रीचा आकडा. तो दर वर्षी वाढत गेला आणि शेवटी पिंपापर्यंत पोचला. तेव्हा मिस्त्री चोवीस वर्षांचा होता. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर चापूनचोपून पाडलेला भांग. दोन इंजिनांचं, एकावर एक पंखांच्या जोडीचं, दहा उतारू बसवणारं विमान तो जन्मात पहिल्यांदा जवळून बघत होता. डाव्या इंजिनाखाली उभं राहून त्याने भक्तिभावाने मान वर केली. तोंड उघडं होतं, एवढीच त्याची चूक. घरी पोचला तर सख्ख्या आईने दार लावून घेतलं. गल्लीतल्या कुत्र्याने तेवढं ओळखलं. त्याने जवळ येऊन हात चाटला आणि पुढे दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही.

विमानाला आत्याबाई हे नाव ते चालवणाऱ्या कप्तानाने ठेवलेलं. तो म्हणायचा, "प्रत्येक घरात एक आत्या असते बघा. तिला आधी गरम पाणी, पाठीला उशी, वेळेवर औषध. एवढं करूनही ती फुगते ती फुगतेच."

आत्याबाईंनीही चांगले दिवस पाहिले होते. सुरुवातीला त्यांच्या पोटात वेताच्या खुर्च्या होत्या आणि त्यांवर टोपीवाले साहेब नि अत्तरवाल्या मडमा बसत. चढण्याआधी माणसांचंसुद्धा वजन करत, तेव्हा मडमा काट्याकडे न बघता आभाळाकडे बघत. मग मोठी, सगळ्या अंगाने पत्र्याची विमानं आली आणि साहेब तिकडे गेले. आत्याबाईंच्या वाट्याला टपालाच्या थैल्या आल्या. पुढे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले आणि आता कोंबडीची पिल्लं. एका खेपेला दोन हजार पिल्लं, आणि सगळी एका सुरात बोलणारी. कप्तान म्हणायचा, "मडमांपेक्षा बरी. खिडकी उघडा म्हणून मागे लागत नाहीत."

चोवीस वर्षं झाली. मिस्त्रीच्या आयुष्याचा बरोबर अर्धा भाग आत्याबाईंखाली उभं राहण्यात गेला होता. रोज सकाळी थंड पडलेलं तेल हलावं म्हणून तो इंजिनांचे पंखे हाताने फिरवायचा, त्यात उजवा खांदा गेला. इंजिनाच्या आवाजात डावा कान गेला. पंखांवरचं कापड फाटलं की सुईदोरा घेऊन शिवायचं, ठिगळावर उग्र वासाचं रोगण लावायचं, वाळलं की परत लावायचं. त्या वासाने जिभेची चव गेली. बायको म्हणायची, "जेवणाला नावं ठेवत नाहीत, एवढा एक फायदा झाला."

अशात स्टोअरकीपर निवृत्त व्हायला आला. स्टोअर म्हणजे नट-बोल्टांची खोली. तिथे खिडकीशी एक खुर्ची होती. गादीची, हातांची. दिवसभर तिच्यात बसायचं आणि मागेल त्याला वायसर द्यायचा. ती खुर्ची मिस्त्रीच्या मनात भरली. तरुणपणी माणसाच्या मनात काय काय भरतं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुर्ची भरते.

मॅनेजर म्हणाला, "खुर्ची तुमचीच, मिस्त्री. पण आत्याबाई आहेत तोवर तुम्हाला कसं सोडू? डावं इंजिन दुसऱ्या कुणाला दाद देतं का? इन्स्पेक्टरने त्यांना रजा दिली की दुसऱ्या दिवशी येऊन बसा."

इन्स्पेक्टर वर्षातून एकदा यायचा आणि पुढच्या वर्षाचा परवाना द्यायचा. गेल्या खेपेला मिस्त्रीने धीर करून सांगितलं होतं, "साहेब, थकलंय हो हे विमान."

इन्स्पेक्टरने बिघाडांची वही उघडून दाखवली. "कुठे थकलंय? वर्षात तीन नोंदी. त्यातली एक दाराच्या कडीची."

वही कोरी होती ती मिस्त्रीमुळेच. आत्याबाईंचा बिघाड कागदावर यावा ही त्याला आपली बेअब्रू वाटायची. घरचं दुखणं कुणी चव्हाट्यावर मांडतं का? कप्तान उतरला की वहीत लिहिण्याऐवजी मिस्त्रीच्या उजव्या कानात सांगायचा आणि पुढच्या खेपेआधी काम झालेलं असायचं. चोवीस वर्षं हे असं चाललं. कागदोपत्री आत्याबाईंना कधी साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

या वर्षी मिस्त्रीने ठरवलं, सगळं लिहायचं. लाज सोडायची. तपासणीला चार महिने होते. तेलाची गळती, ढिल्या तारा, कुजलेली फळी, शेपटीच्या चाकाची कुरकुर, सगळं तो लिहीत सुटला. बायको बघतच राहिली. "माझ्या भावाला पत्र लिहा म्हटलं तर चार ओळी होत नाहीत, आणि हिच्यावर पोथी?"

"खुर्चीसाठी चाललंय सगळं."

"मग लिहा. अक्षर तेवढं नीट काढा."

कप्तान म्हणाला, "मिस्त्री, ही वही आत नका ठेवू. वजनाने उडायच्या नाहीत आत्याबाई."

इन्स्पेक्टर आला. दोन तास तो वही वाचत होता. मिस्त्री समोर उभा. एकेक पान उलटलं जाई तसतसा तो मनातल्या मनात त्या गादीत इंचाइंचाने खाली बसत होता. शेवटी इन्स्पेक्टरने चष्मा काढला.

"एकशे बारा बिघाड," तो म्हणाला.

"होय साहेब," मिस्त्री आशेने म्हणाला.

"आणि प्रत्येकाखाली 'दुरुस्त केले', तारीख, सही. एकही बाकी नाही!"

 बिघाड लिहून तसाच ठेवायचा असतो, हे मिस्त्रीच्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिलं की हात आपोआप पान्याकडे जायचा.

"पण साहेब, ती म्हातारी झालीय."

"म्हातारी असेल, पण ठणठणीत आहे. लाकूड ठोकून बघितलं, तारा ओढून बघितल्या. गेल्या वर्षीपेक्षा बरी आहे." त्याने मॅनेजरकडे वळून बजावलं, "या माणसाला इथून हलवू नका. शेऱ्यात तसं लिहितोय."

आणि त्याने खरंच लिहिलं. वर हात पुढे करून मिस्त्रीचं अभिनंदनही केलं. मिस्त्रीने पुढे केलेला हात तेलाचा होता, तेव्हा साहेबाने दोनच बोटं धरली.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "मिळाली?"

"शाबासकी मिळाली."

"बसता येतं का तिच्यावर?"

 मिस्त्री उंबऱ्यावरच टेकला आणि बूट काढायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बायको आत जाऊन गरम पाणी घेऊन आली आणि त्याचा खांदा शेकत बसली.

स्टोअरची जागा पुढच्या महिन्यात मॅनेजरच्या मेव्हण्याला मिळाली. आत्याबाई आणखी सात वर्षं उडल्या.