मोटरीचा नंबर

सीईटीचे फॉर्म भरून द्यायला मी दरवर्षी जळगावात कॉलेजच्या वाचनालयात टेबल टाकून बसते. यंदा एरंडोलकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. घरातून कॉलेजला निघालेली ती पहिलीच. मोबाइल नंबर त्यांनी घडाघडा सांगितला, पण तीनदा पाठवूनही ओटीपी येईना. मी वैतागले. त्यांचा फोन पाहिला, तर लावलेल्या नंबरांत सगळ्यात वर तोच. मी तो लावून पाहिला. एक रिंग वाजून फोन कट झाला.

"ताई, मोटर चालू व्हई गयी," ते ओशाळून म्हणाले.

तो नंबर विहिरीवरच्या स्टार्टरमधल्या सिमचा होता. घरी बसून मोटर चालू करायला रोज तोच लावायचा, म्हणून तोच पाठ. "सोताले कोन फोन लावस?"

"सगळे मेसेज तुमच्या फोनवर येणार, भाऊ. एक चुकला तर सीट गेली," मी बजावलं. "आधी स्वतःचा नंबर पाठ करा, मग फॉर्म."

बाकावर बसून ते पुटपुटत राहिले. पाठ झाल्यावरच मी फॉर्म भरला.

प्रवेशाच्या वेळी ते एकटेच आले. मी मुलीचा अर्ज क्रमांक मागितला आणि कागद काढतील म्हणून थांबले. त्यांनी खिशात हातही घातला नाही. अख्खा क्रमांक न अडखळता म्हणून दाखवला.