बिल नसलेली चाकं

माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. म्हणून सेकंडहँड घेतलेल्या स्कूटीच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जास्तीचं चाक भरवेली गावच्या वेल्डरकडून लावून घेतलं होतं. त्यावर नऊ वर्षं मी बालाघाटहून हट्ट्याच्या शाळेत शिकवायला गेले. मग गाडीला पंधरा वर्षं झाली आणि नोंदणी पुन्हा करायची वेळ आली. तपासणीत पास झाली नाही, तर रोज नवऱ्याच्या सोयीनं जावं लागणार होतं.

त्याच वर्षी शाळेत एक नवी शिक्षिका आली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तिचाही पाय अधू, आणि नागपूरहून तयार किट बसवलेली लाल स्कूटी. तोवर चार चाकांची स्कूटी म्हणजे माझी. आता पोरं तिच्या गाडीभोवती जमू लागली. मुख्याध्यापक माझ्यासमोर तिला म्हणाले, "बड़ी हिम्मत है आपकी." नऊ वर्षांत माझी हिंमत त्यांना दिसली नव्हती.

परिवहन कार्यालयात आम्ही एकाच दिवशी गेलो. तिच्या किटची नोंद व्हायची होती. साहेबांनी बिल पाहिलं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि सही केली. मग माझ्या गाडीकडे वळले.

"ये किसने लगाया?"

"भरवेली के वेल्डर ने."

"बिल?"

"बिल नहीं है, वेल्डर है."

"वेल्डर को फाइल में कैसे लगाऊँ, मैडम? इसे निकलवाइए, किट लगवाइए."

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, माह्या दुकानवाल्याले सांगतो ना. तो तुमच्या नावानं बिल बनवून देते. कोनाले समजते?"

"नको."

"काहून?"

"खोटं बिल मले नाही लागत."

शाळेत हे तिनंच सांगितलं आणि माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. मी ते ऐकून घेतलं. खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या कोणी बिल आणून दिलं असतं, तर मी बहुतेक घेतलं असतं. तिच्या उपकारावर माझी गाडी पास व्हायला नको होती.

जुनी चाकं कापून काढली. नवं किट नागपूरच्या त्याच दुकानातून आलं. दुसरं चांगलं दुकान सापडलं नाही. त्यात महिना गेला. नवऱ्याची ड्यूटी सकाळची, त्यामुळे महिनाभर मी तिच्याच गाडीवर मागं बसून हट्ट्याला गेले. ती रोज वेळेवर दारात यायची आणि सगळा रस्ता बोलायची. वळणावर तिची गाडी जराही कलत नव्हती. माझी कलायची, आणि नऊ वर्षं मी त्याचा दोष रस्त्याला देत आले होते.

गाडी पास झाली. नवं किट जुन्यापेक्षा चांगलं आहे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तिला मी ते सांगितलं नाही.

"आता दोघी संगच निघू, ताई," ती म्हणाली. "रस्ता लवकर कटते."

"मी आजकाल अर्धा तास आधी निघतो," मी म्हटलं.

तोवर निघत नव्हते. त्या दिवसापासून निघावं लागतं.