शेवटच्या पाळीच्या आधीची

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"गेल्या मंगळवारी," सुनंदा म्हणाली.

मी केसपेपरवर तारीख लिहिली. वय बावन्न, रक्तस्राव. पाळी जायच्या आधीची काही वर्षं, ज्याला आम्ही पेरिमेनोपॉज म्हणतो, त्यात असं बऱ्याच जणींचं होतं. पुढचा प्रश्न मात्र माझ्यातल्या डॉक्टरने विचारला नाही.

"शेवंताकाकीकडे जातेस? तिचा काढा घेतेस?"

"घेतंय."

"तो आधी बंद कर."

ती काढा घेते हे ऐकून मला बरं वाटलं. सापडली एकदाची काकी चूक करताना.

कट्टा गावात माझा स्त्रीरोगाचा दवाखाना वीस वर्षांचा. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांसाठी मी खास ओपीडी सुरू केली, भिंतीवर रंगीत तक्ते लावले. चौघी आल्या, त्यातल्या दोघी बीपी तपासायला. गावात काढे देणाऱ्या शेवंताकाकीच्या खळ्यात, तिच्या घरापुढच्या अंगणात, मात्र रोज संध्याकाळी वीसजणी. नाचणी खा, तीळ खा, चाला, दुपारचा चहा कमी करा, अंगातून वाफा आल्या तर लाजू नका. काकी सांगायची तेच मीही सांगत होते. माझी नर्ससुद्धा तिकडे जाते हे कळलं, तेव्हा माझा अगदी जळफळाट झाला.

सुनंदाला लोहाच्या गोळ्या देऊन महिन्याने बोलावलं. तिसऱ्याच दिवशी काकी तिला हाताला धरून घेऊन आली.

"काढो म्हणजे धण्या-जिऱ्याचा पाणी, डॉक्टरबाय. तुमी हिका शेवटची पाळी इचारलात. त्याच्या आदली इचारलात?"

मी केसपेपर काढला. त्यावर एकच तारीख होती.

"दोन गणपती झाले, घरातलो नैवेद्य हीच करता. सुनेची तारीख मधी येता, हिची येणा नाय."

गणपतीत पाळी आली की आमच्याकडे बाई चुलीपाशी जात नाही. त्यामुळे कोणाची पाळी थांबली, हे अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. नव्हतं ते फक्त माझ्या केसपेपरला.

"तू सांगितलं का नाहीस?" मी सुनंदाला विचारलं.

"माका वाटला, काढ्यान परत इली. बरा वाटला."

वर्षभर पाळी आली नाही की ती गेली असं आम्ही धरतो. त्यानंतर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायचंच. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड निघालं. तुकडा तपासायला पाठवला. पेशी बिघडू लागल्या होत्या, कॅन्सर झालेला नव्हता. गर्भाशय काढलं. महिनाभर थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. मत्सराने माझे कान बंद केले होते.

सुनंदा आता ठणठणीत आहे. यंदाच्या गणपतीला ती मोदकांचा डबा घेऊन आली. अर्धा रिकामा होता.

"आदी काकीक दिलंय," ती म्हणाली.

माझ्या केसपेपरवर आता 'शेवटची पाळी'च्या खाली 'त्याच्या आधीची' असा रकाना आहे. बाहेरून आलेल्या एका डॉक्टरांनी कौतुक केलं, विचारलं, कल्पना कोणाची? मी म्हटलं, अनुभवातून सुचली. कोणाच्या अनुभवातून, ते त्यांनी विचारलं नाही.