साबणे आजारी नव्हता

साताऱ्याच्या स्टँडवर कर्नाटकच्या लाल बसमध्ये बसलो, तेव्हा घरी सांगून निघालो होतो की बंगळूरला साबणेकडे चाललो आहे. साबणेला मात्र काही कळवलं नव्हतं. पिशवीत त्याच्या मुलाचा पत्ता होता, कंदी पेढ्यांचा पुडा होता आणि आपल्या मंडळाचा तीन वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक होता. तो अंक मी का घेतला, ते बस निघाल्यावरही ठरत नव्हतं.

टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या आपल्या मंडळाची सहल त्या वर्षी बंगळूर-म्हैसूरला गेली होती, आणि रिवाजाप्रमाणे तिचं वर्णन एकाने लिहायचं होतं. ते मी लिहिलं. सहा पानं. वार्षिक सभेत ते मोठ्याने वाचलं गेलं आणि तुम्ही पोट धरून हसलात. तुम्ही हसलात तो प्रसंग बंगळूरच्या करमणुकीच्या बागेतला होता. तिथे रोलर कोस्टर म्हणून एक पाळणा आहे, म्हणजे उंच रुळांवरून वर चढून खाली कोसळणारी छोटी गाडी. मी लिहिलं होतं की मनोहर साबणे माझ्या शेजारी बसला, मांडीवर लोखंडी दांडा येताच त्याचं तोंड पांढरं पडलं, त्याच्यासाठी गाडी थांबवावी लागली, आणि मग तुम्ही सगळे चहाला गेलात तेव्हा मी एकट्याने फेरी मारून वरून सारं बंगळूर पाहिलं.

यातलं खरं इतकंच की आम्ही शेजारी बसलो होतो. तोंड माझं पांढरं पडलं होतं. "थांबवा, थांबवा, याला बरं वाटत नाहीये!" असं साबणेकडे बोट दाखवून मी ओरडलो. चालवणाऱ्याने दांडा उचलला. साबणेने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तो माझ्याबरोबर उतरला. मागच्या डब्यांत बसलेल्या तुम्हाला फक्त माझं ओरडणं ऐकू आलं. एकट्याने मारलेली फेरी आणि वरून पाहिलेलं बंगळूर मी साताऱ्याला आल्यावर टेबलाशी बसून रचलं.

साबणे लाइनमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या तारांच्या कामावर होता. त्याची निम्मी नोकरी खांबांवर गेली. निवृत्तीनंतर दर रविवारी आपल्या पंधरा-वीस जणांना तोच अजिंक्यताऱ्यावर न्यायचा. अंक निघाल्यावर पहिल्याच चढाला कोणीतरी विचारलं, "काय साबणे, बरं वाटतंय ना?" पुढच्या रविवारी चौघांनी विचारलं. मग लोक वाट दाखवायला दुसऱ्याला बोलावू लागले, साबणे यायचा थांबला, आणि वर्षभरात तो मुलाकडे बंगळूरला राहायला गेला. मी त्याला स्टँडवर पोचवायलाही गेलो नाही.

सकाळी बस मॅजेस्टिकला पोचली. हा तिथला मोठा बस अड्डा. हवेत गारवा होता आणि सगळीकडे फुलांचा आणि डिझेलचा मिळून वास होता. उभ्याने खायच्या एका हॉटेलात इडली-वडा घेतला. तिथे कॉफी मागितली की विचारतात, "स्वल्प सक्करे?" (थोडी साखर?). मी हो म्हणालो आणि फार गोड कॉफी प्यायलो. समोर एसटीडीचा बूथ होता. साबणेच्या मुलाचा नंबर खिशात होता. बूथच्या काचेपाशी दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा बूथवाल्याने आतून हात हलवून बोलावलं, तेव्हा मी चक्क पाठ फिरवली आणि एका माणसाला त्या करमणुकीच्या बागेची बस विचारली.

मी तसं का केलं, ते नीट सांगता येत नाही. आधी पाळण्यात बसून यावं, म्हणजे स्वतःबद्दल लिहिलेलं तरी खरं होईल आणि मग साबणेपुढे निम्मंच खोटं कबूल करावं लागेल, असं काहीतरी डोक्यात होतं. त्या वेळी हे शहाणपणाचं वाटलं.

कानडी आकडे आपल्या आकड्यांसारखे दिसतात आणि तेच नसतात. मी पाटी वाचून मोठ्या विश्वासाने बसमध्ये चढलो आणि शिवाजीनगरला उतरलो. नाव ओळखीचं, गाव अनोळखी. लोखंडाच्या वखारी, मटणाची दुकानं, शिलाईयंत्रांची खडखड, आणि एकाच वेळी चार भाषांत चाललेली भांडणं. शेवटी बागेपर्यंत रिक्षा केली. रिक्षावाल्याने माझ्या टोपीकडे पाहून हिंदीत विचारलं, "बच्चे लोग किधर है?" मी म्हणालो, "मैं अकेला हूँ." तो वाटभर आरशातून बघत राहिला.

बागेत शाळांच्या सहली आल्या होत्या. तिकीट एकदा काढलं की दिवसभर कोणत्याही पाळण्यात कितीही वेळा बसा, अशी सोय होती. रोलर कोस्टरच्या रांगेत तासभर उभा राहिलो. आठवत होता त्यापेक्षा तो बुटका वाटला. त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. खांब तेच, पिवळा रंग तोच, मग उंची कुठे गेली?

फाटकाशी चालवणाऱ्याने विचारलं, "ओब्बरेना?" (एकटेच का?) मी मान डोलावली. त्याने मला बाजूला थांबवलं. एका बाकावर दोघं बसल्याशिवाय तो गाडी सोडत नाही, म्हणून एकट्या माणसाला दुसऱ्या एकट्याची वाट पाहावी लागते. तेवढ्यात मी चष्मा काढून खिशात घातला आणि कवळीही रुमालात गुंडाळली.

दुसरं एकटं माणूस आलं ते म्हणजे साठीच्या एक जाड्या बाई, नाकात दोन्हीकडे चमक्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी माझी टोपी पाहिली आणि मराठीत म्हणाल्या, "कुठल्या गावचे हो अण्णा?"

"शाताऱ्याचा," मी म्हणालो. कवळी नव्हती.

"आमचे पण मोठे लोक तिकडचेच म्हणे. कधी आले ते कुणाला ठाऊक? आम्ही इथंच. शिवाजीनगरात शिलाईचं दुकान आहे. मला सगळे सुभद्राक्का म्हणतात." त्या ऐसपैस बसल्या. उरलेल्या जागेत मी बसलो. "भाचीची पोरं घेऊन आलीय. पोरं माझ्यासंगं बसत नाहीत. मी लई वरडते म्हणून."

दांडा खाली आला. मी भीतीची वाट पाहू लागलो. गाडी साखळीवरून खडखडत वर चढली, शेंड्यावर क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि सुटली. सुभद्राक्का ओरडल्या. मीही तोंड उघडलं होतं, पण आवाज आला नाही. पोट वर आलं, कान बंद झाले, टोपी गेली. मग गाडी थांबली आणि लोक उतरू लागले. वरून बंगळूर दिसत नाही. एक नीलगिरीची बाग आणि पाण्याची टाकी दिसते. चष्म्याशिवाय मला तीही हिरवी आणि पांढरी एवढीच दिसली.

पण भीती वाटली नव्हती. मी उतरलो आणि तसाच पुन्हा रांगेत गेलो. दुसऱ्या खेपेला शेजारी एक कॉलेजचा मुलगा आला. तो सारखा "सर, ओके?" विचारत होता. तेव्हाही काही वाटलं नाही. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम तोच पुढचा बाक मागितला, जिथे आम्ही दोघं बसलो होतो. दांडा खाली येताना डोळे मिटले. तीन वर्षांपूर्वी छातीत जे झालं होतं ते पुन्हा होईल म्हणून अगदी कान देऊन बसलो. काही झालं नाही. चालवणारा आता मला ओळखू लागला होता. "इन्नोम्मे?" (आणखी एकदा?) म्हणून तो हसला आणि चौथ्यांदा त्याने मला रांगेशिवायच आत घेतलं.

चौथ्या फेरीनंतर मात्र ओकारी झाली. ती भीतीची नव्हती, वड्याची होती.

सुभद्राक्का बाकावर चिंचेचा भात खात होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, माझी टोपी दिली (भाचीच्या पोरांना ती कुंपणापाशी सापडली होती), आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर थोडा भात वाढला.

"अण्णा, या वयात चार येळा? कुणाशी पैज लावली काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. का, ते माहीत नाही. माझ्या गावाला न ओळखणाऱ्या, माझीच भाषा बोलणाऱ्या त्या पहिल्याच बाई होत्या, म्हणून असेल. मध्येच त्यांनी मला थांबवलं. "आधी दात घाला. काय बोलताय ते कळंना." मी पाठ फिरवून कवळी बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे ते साबणे अण्णा इथंच बेंगळूरात हायत?"

"हो. होसूर रस्त्याकडे. मुलगा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आहे."

"आणि तुम्ही सकाळपासनं पाळण्यात?"

"मला एवढंच बघायचं होतं की मी तेव्हा का ओरडलो."

"सापडलं?"

"नाही. आता तर वाटतं, घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतंच."

त्यांनी बोटं चाटली, पाण्याने हात धुतले. "मग त्यांच्या दारात जाऊन काय सांगणार? पाळणा चांगला हाय म्हणून?" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दूर उभी भाचीची पोरं लाजून दुसरीकडे बघू लागली.

मला हसू आलं नाही. त्यांच्या बोलण्याने एक गोष्ट मात्र दिसली. मी दिवसभर कारण शोधत होतो, म्हणजे माफी मागताना ते पुढे करता आलं असतं. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, असं काहीही चाललं असतं. चार फेऱ्या मारूनही तसलं काही मिळालं नव्हतं. आता रिकाम्या हाताने जायचं होतं.

"सरी (बरं तर), उठा," सुभद्राक्का म्हणाल्या आणि रिक्षावाल्याशी भाडं ठरवून देण्यासाठी फाटकापर्यंत आल्या.

चार वाजता साबणेच्या मुलाच्या घरी पोचलो. दार सुनेने उघडलं. नाव सांगताच ती ओरडलीच, "अहो, म्हणजे ते पाळण्याचं लिहिणारे काका तुम्ही! आम्ही किती हसलो होतो! माहेरीसुद्धा वाचून दाखवलं मी. बसा ना. बाबा मागे दोरीवरचे कपडे काढतायत, बोलावते."

"नको, मीच जातो," म्हणालो.

साबणे दोरीवरचा टॉवेल झटकत होता. बारीक झाला होता. "रघ्या? तू? बरा आहेस ना?" त्याने सरळ मनाने विचारलं, पण ते शब्द ऐकून माझे पाय जागीच थांबले. मग मी तिथेच उभा राहून बोललो. भराभर, वाक्यं मागेपुढे करत. तू आजारी नव्हतास, मी ओरडलो, मी खोटं लिहिलं, मी फेरी मारलीच नव्हती, आज मारली, चार वेळा.

त्याने टॉवेलची घडी घातली. "चार वेळा कशाला?"

"माहीत नाही."

"आणि हे मला कशाला सांगतोयस? मला माहीत आहे की. मी तिथेच होतो."

मी दोरीवरची एक चादर काढून त्याच्या हातात दिली.

"माहीत नसलेली माणसं साताऱ्यात आहेत," तो म्हणाला. "आणि त्यांतलं एक आत कॉफी करतंय."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सुनेला सांगितलं. ती आधी हसली, तिला तो पुढचा विनोद वाटला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या सासऱ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत?" साबणे म्हणाला, "कॉफी आण."

कॉफी पिताना मी विचारलं, "तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"तू रडवेला झाला होतास. तिथे काय भांडायचं? म्हटलं, रात्री जेवताना सांगशील हसून. नाही सांगितलंस. म्हटलं, लिहिशील तेव्हा खरं लिहिशील. मग तू लिहिलंस." त्याने कपातली उरलेली कॉफी संपवली. "घाबरलो तर मीही होतो रे. खांबावर आपण आपल्या हाताने चढतो. तिथे कोणीतरी दांडा टाकून नेतं. पण मी माझा घाबरून बसलो असतो, आणि फेरी मारून आलो असतो."

"आज चल. मी बसतो शेजारी."

"नको," तो म्हणाला. "तू आधी लिही."

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. बंगळूर कसं आहे असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येणार नाही. दोनदा जाऊनही मी तिथे एक पाळणा आणि एक मागचं अंगण एवढंच पाहिलं. त्या दिवशी मी का ओरडलो, हेही अजून कळलेलं नाही आणि बहुधा कळणार नाही. ते कळल्याशिवायही खरं लिहिता येतं, हे कळायला मात्र मला तीन वर्षं आणि चार फेऱ्या लागल्या.

आपल्या चिटणीसांचं म्हणणं होतं की उकरून काढण्यात अर्थ नाही, शेवटच्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापू. मी म्हणालो, खोटं सहा पानं होतं. हेही वार्षिक सभेत वाचलं जावं, मीच वाचीन, आणि हसायचं असेल त्यांनी या वेळी योग्य माणसाला हसावं.

छापायला देण्याआधी मजकूर साबणेला पाठवला. आठ दिवसांनी परत आला. पहिल्या पानाच्या समासात त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: "ओरडताना तू माझ्या सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवलीस, ते राहिलं. नवीन सदरा होता. बाकी बरोबर."