लो-देवार

आत्याने कन्नड मुलखात, शहराबाहेरच्या मारतहळ्ळीत घर घेतलं तेव्हा तिथे नारळाची झाडं आणि भाजीचे मळे होते. नव्वदीची सुरुवात. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेली, शाळेत गणित शिकवणारी माझी आत्या तिथे एकटी राहणार म्हटल्यावर ठाण्याचे मोठे काका भडकले. आजोबा नुकतेच गेले होते. बहिणीला आपल्या घरी न्यायचं काकांनी ठरवून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"त्या माळावर आहे काय?" फोनवर ते इतके ओरडले की मलाही ऐकू आलं. "लो-देवार आहे ते, लो-देवार!"

आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. घरात मराठी, प्रार्थनेला हिब्रू. मी कॉलेजसाठी आत्याकडे राहत होते. हा शब्द मला नवा होता.

"आपल्या ग्रंथातलं, यार्देन नदीपलीकडचं एक गाव," आत्या म्हणाली. "लो म्हणजे नाही. देवार हे दावारसारखं; दावार म्हणजे वस्तू, नाहीतर शब्द. काहीच नसलेलं गाव. कुणी म्हणतं, तिथे साधं कुरणही नव्हतं म्हणून हे नाव पडलं. नक्की कुणालाच ठाऊक नाही." मग म्हणाली, "फाटकावर हेच रंगवून घेऊ."

रंगाऱ्याने कन्नडमध्ये अक्षरं काढली आणि तो हसायला लागला. "अक्का, लो म्हणून आम्ही पोरांना हाका मारतो, आणि देवरु म्हणजे देव. लोक 'अरे देवा' वाचतील."

"वाचू देत. स्वल्प मोठं काढा."

खाली हिब्रू अक्षरं तिने स्वतः काढली.

दिवाळीच्या सुट्टीत काका आले ते फाटकापाशीच थबकले. "माझा टोमणा दारावर लावलास? आणि लिहिलंयसही चुकीचं. आलेफ अक्षर हवं तिथे वाव अक्षर आहे."

"चुकीचं नाही, दादा. ग्रंथात एका ठिकाणी असंच लिहिलंय. उच्चार तोच, पण वाव आला की 'नाही'चं 'त्याच्यापाशी' होतं. त्याच्यापाशी काहीतरी आहे."

काका म्हणाले, "त्याच गावात जुन्या राजाचा पांगळा नातू राहत होता. नव्या राजाने त्याला बोलावून जन्मभर आपल्या पंगतीला बसवलं. मी वेगळं काय म्हणतोय?"

आमच्या घरात 'पांगळा' हा शब्द कुणी उच्चारत नसे.

"तुला यायचंय का, असं त्याला कुणी विचारल्याचं लिहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "तू मला विचार."

"येतेस?"

"नाही."

त्या दुपारी काका नारळाच्या दुधातली मासळी दोनदा वाढून घेऊन जेवले. संध्याकाळी ते नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. "ती येत नाहीये," त्यांनी काकूला सांगितलं आणि बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले. आत्या बाहेर काठीवर रेलून उभी होती. काका आतून तिच्याकडे बघत होते. तिने नजर वळवली नाही.