कोणत्या रायफलीचा बोल्ट

माझी शेवटची पोस्टिंग कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, असं मी लोकांना सांगतो. मुलीचं घर आहे. वरची खोली माझी. इथे कुणाला रिपोर्ट करायचा नसतो, तरी सकाळी दाढी करून, बूट चढवूनच मी खाली उतरतो. पुढे काय करायचं ते मात्र सुचत नाही. गॅरेजमध्ये जातो, परत येतो. मागचं दार लागलंय का ते बघतो. लागलेलंच असतं.

"बाबा, बसा ना एका जागी," शिल्पा म्हणते. "तुम्हाला बघून मला टेन्शन येतं."

मी पलटणीत आर्मरर हवालदार होतो. रायफली दुरुस्त करणं आणि तपासणं हे माझं काम. मी पास केलेली रायफल जवान शंका न घेता खांद्याला लावायचा. निवृत्तीनंतर मी रायफलीला हात लावला नव्हता. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

या शरद ऋतूत जावयाने विचारलं. निखिल नागपूरचा, आयटीत आहे. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला हरणांच्या शिकारीला बोलावलं होतं. येत्या शनिवारीच निघायचं होतं.

"बाबा, एक बजेट बोल्ट-अॅक्शन घेतोय. तुम्ही फक्त हातात घेऊन सांगा, चालेल का."

"यूट्यूबवाले काय म्हणतात?"

"एक म्हणतो बेस्ट, दुसरा म्हणतो कचरा."

"मग दोघांनाही सोबत न्या, निखिलराव."

तो हसला. मला नाही म्हणता आलं नाही.

दुकान हायवेच्या कडेला होतं. काउंटरवरच्या माणसाने स्वस्तातल्या नव्या रायफली पुढे ठेवल्या. परवानगी घेऊन मी एकेक उचलली. हात आपलं काम विसरले नव्हते.

सामान्य माणूस रायफल डोळ्यांनी बघतो. लाकूड, चमक, वजन. स्वस्त रायफलीत यातलं काही नसतं, आणि नसलं तरी बिघडत नाही. प्लास्टिकचा दस्ता दिसायला खेळण्यासारखा असतो, पण तो बॅरलला, म्हणजे नळीला, टेकत नसला म्हणजे झालं. मी कागदाची पट्टी दोन्हींमधून सरकवून बघितली. एका रायफलीत ती मध्येच अडली. ती बाजूला ठेवली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, मागे ओढल्यावर डुगडुगतो म्हणून लोक नाक मुरडतात. उघडा बोल्ट डुगडुगला तर डुगडुगू द्या. बंद झाल्यावर तो कसा बसतो ते महत्त्वाचं. नळीच्या तोंडाची कड बोटाने तपासली. मग रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री केली, ती कॉक केली, म्हणजे घोडा ताणला, सेफ्टी लावली, ट्रिगर जोरात ओढून सोडला आणि सेफ्टी काढली. त्या क्षणी गोळी उडवणारी पिन आपोआप सुटली, तर ती रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नये. सुटली नाही.

"यार, बाबा, तुम्ही तर डॉक्टर निघालात," निखिल म्हणाला. तो खूश होता. त्या खुशीत त्याची नजर वापरलेल्या रायफलींच्या रॅककडे गेली. त्याच कंपनीचं तेच मॉडेल, दुर्बिणीसकट, आणखी स्वस्त.

त्या रॅकवरच्या एकाही रायफलीत बोल्ट नव्हता. दुकानदार सुरक्षेसाठी काढून ठेवतात. काउंटरवाल्याने खालून एक प्लास्टिकचा ट्रे काढला. त्यात बोल्ट होते, एकावर एक, चमच्यांसारखे. त्याने एक उचलला, रायफलीत सरकवला, बंद केला. खट्. छान बसला.

"यातला हिचा कोणता?" मी इंग्रजीत विचारलं.

"सेम मॉडेल, सर. दे ऑल फिट."

मी रायफल खाली ठेवली. "नाही," म्हणालो, आणि बाहेर पडलो.

निखिल मागोमाग पार्किंगमध्ये आला. चिडला होता. "बाबा, काय झालं? त्याच्यासमोर असं निघून यायचं? शनिवारी मला जायचंय. सगळे हसतील माझ्यावर."

"बोल्ट कोणत्या रायफलीचा आहे हे त्याला माहीत नाही."

"पण बसला ना!"

मग मी त्याला गाडीत बसवलं आणि जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे. लिहिताना मध्ये दोनदा उठून अंगणात फेरी मारून आलो.

डोंगराळ भागात एका पुलाच्या राखणीवर आमची कंपनी होती. पुढच्या पिकेटवर, म्हणजे छोट्या चौकीवर, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, बोल्ट-अॅक्शन. त्या रायफलीत बोल्ट आणि नळी यांची जोडी मापून लावलेली असते. म्हणून दोन्हींवर एकच नंबर ठोकलेला असतो. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जातो, बंदही होतो. पण काडतुसामागे केसाएवढी जागा जास्त राहिली, तर पितळेची केस, म्हणजे काडतुसाचं कवच, ताणली जाते आणि एखाद्या फैरीला मधून फाटते. मागचा भाग बाहेर येतो, पुढचा नळीतच अडकून बसतो. पुढचं काडतूस मग आत जात नाही.

इन्स्पेक्शन आलं होतं. इन्स्पेक्शन म्हणजे चमक. पिकेटच्या रायफली कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, मागवल्या. वेळ कमी होता. नियमाने एका वेळी एकच रायफल उघडायची. मी सगळे बोल्ट काढून एका ड्रममध्ये रॉकेलात टाकायला लावले. एकदम धुऊन होतात. सगळ्या पलटणींत असं करत, पण नंतर नंबर जुळवून. स्टोअरमन नंबर वाचत बसला, तेव्हा मी म्हणालो, "बस कर रे. सगळे बसतात." रायफली चमकल्या. साहेबांनी शाबासकी दिली. त्या पिकेटवर परत गेल्या.

काही दिवसांनी पहाटे पिकेटवर हल्ला झाला. मी कंपनी हेडक्वार्टरमध्ये रेडिओपाशी होतो. पलीकडून पिकेटचा कमांडर, इकडून साहेब बोलत होते.

"दुश्मन नाल्यातून. सेक्शन मागे घेतोय. जाधव कव्हर देतोय. ओव्हर."

"ठीक. किती वेळ धरेल? ओव्हर."

"धरेल. ओव्हर."

मग थोडा वेळ फक्त खरखर. मग पुन्हा तोच आवाज, बदललेला.

"जाधवची रायफल जाम. रायफल जाम. ओव्हर."

"त्याला मागे बोलव. ओव्हर."

"येत नाही. म्हणतो, तुम्ही निघा. ओव्हर."

सेक्शन, म्हणजे पिकेटवरची तुकडी, पूल ओलांडून आलं. लान्स नाईक केशव जाधव आला नाही. अडकलेली केस काढायचं अवजार बोटाएवढं असतं. ते माझ्या पेटीत होतं, माझ्याजवळ.

उजाडल्यावर आमची कुमक गेली. जाधवला आणलं, रायफलही आणली. तपासायला माझ्याकडेच दिली. नळीत पितळेचा तुकडा होता. बोल्टवरचा नंबर दुसऱ्याच रायफलीचा होता. मला बघताक्षणी कळलं. पिकेटच्या बाकीच्या रायफली तपासणीसाठी मागवून घेतल्या, त्यातून जाधवच्या रायफलीचा मूळ बोल्ट शोधला आणि गुपचूप बदलला. नंतर चौकशी बसली.

"आर्मरर, जाम कशामुळे?"

"चेंबर घाण होतं, साहेब. देखभाल कमी."

एवढंच बोललो. साहेबांनी मान हलवली. शौर्यपदकासाठी जाधवचं नाव वर जाणार होतं, ते थांबलं. पलटणीत लोक हळू आवाजात म्हणू लागले, पोरगा चांगला होता, पण आळशी. मी ऐकत राहिलो. पुढे मला बढती मिळाली.

निखिल गाडी सुरू न करता बसून होता. "तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत? आईंनाही?"

"नाही."

"आणि जाधवांच्या घरच्यांना?"

"त्याची बायको पलटणीत आली होती. म्हणाली, हवालदारसाहेब, तो तर घरी विळासुद्धा पुसून ठेवायचा. मी म्हटलं, वहिनी, लढाईत असं होतं."

निखिलने गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच दुकानात गेला, तिथल्या गनस्मिथकडून त्या वापरलेल्या रायफलीत गेज, म्हणजे मापाचा ठोकळा, घालून घेतला आणि मला फोन केला.

"बाबा, बोल्ट ठीक निघाला. माप बरोबर आहे." मग म्हणाला, "म्हणजे तसा तो माणूस बरोबरच होता."

"निखिलराव, आमच्या ड्रममधलेही बहुतेक ठीकच बसले होते."

त्याने विचारलं, "मग घेऊ का?"

"आता मापलंय. घ्या."

शनिवारी तो गेला. तो परत येईपर्यंत मी खिडकी सोडली नाही. शिल्पाने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. संध्याकाळी निखिल रिकाम्या हाताने आला. हरीण दिसलंच नाही म्हणाला. मला बरं वाटलं, का ते माहीत नाही.

रात्री जेवताना त्याने विषय काढला. "बाबा, त्यांच्या गावाचं नाव आठवतं का?" आठवत होतं. घाटाखालचं गाव आहे. तिथे कोण उरलंय, ते आता तो शोधतो आहे. सापडले तर फोनवर मीच बोलायचं आहे. बोलेन. पण माझ्या वयाचा भरवसा नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो, चारचौघांत, म्हणजे मला मागे घेता येणार नाही.

लान्स नाईक केशव जाधव उंचीला कमी होता. परेडमध्ये कायम टोकाला. बोलायला तिखट. मला 'उस्ताद' म्हणायचा आणि माझ्या मिशीची नक्कल करायचा. रेशनमधला गूळ खिशात ठेवायचा, मागितला तर द्यायचा, वर टोमणाही मारायचा. हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी मी पिकेटवर गेलो होतो. तो दगडावर बसून रायफलीला चिंधी मारत होता. मी म्हटलं, "अरे, किती पुसशील? इन्स्पेक्शन झालं." तो म्हणाला, "उस्ताद, इन्स्पेक्शन तुमचं झालं. माझं उद्या असेल." मी नळीतून बघितलं. आरसा होता.

त्याची रायफल स्वच्छ होती. शेवटच्या गोळीपर्यंत आणि त्यानंतरही.